कानोबा

रूपाबद्दल बोलायची सोय नाही. अंगठ्याएवढा काळा तुकडा, मागे दहा मीटर लांब तितकीच काळी वायर, वायरीच्या टोकाला हेडफोनला असते तशी पिन. टेबलावर ठेवला तर पाहुणे ‘हे कशाचं बूच?’ म्हणून विचारतात. एकदा विमानतळावर तपासणीच्या जवानाने त्याला दोन बोटांत धरून उजेडाकडे नेलं, फिरवून पाहिलं आणि विचारलं, “ये क्या करता है?” म्हटलं, “सुनता है.” “क्या?” “पानी.” जवानाने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि ‘जाऊ दे’ अशी मान हलवली.

नाव हायड्रोफोन. पण इतकं सरकारी नाव रोजच्या व्यवहाराला चालत नाही. त्यामुळे मढीच्या कानोबांची मनोमन क्षमा मागून मी त्याला कानोबा म्हणतो. ह्याच्या देहात कानाखेरीज दुसरं काही नाहीच. तोंड नाही, डोळे नाहीत, पोट नाही. कान आणि शेपटी.

ह्याचा शहरी भाऊ तुम्ही पाहिलेला आहे: मायक्रोफोन. तो व्यासपीठावर राहतो, पुढारी त्याच्या टाळक्यात टिचक्या मारून ‘हॅलो, हॅलो’ करतात, गायक त्याला ओठाला लावतात. कानोबाच्या वाट्याला असले लाड नाहीत. हवेत तो जवळजवळ ठार बहिरा. कानाशी लागून ओरडा, तो झोपेतल्या माणसासारखं ‘हं’ म्हणेल. पाण्यात सोडला की मात्र डोळे किलकिले करून उठून बसावं तसा जागा होतो. भावाने पाण्यात उतरायचा प्रयत्न केलेला नाही असं नाही. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी साध्या मायक्रोफोनला निरोध चढवून डबक्यात सोडल्याच्या खऱ्या गोष्टी आहेत. चालतं म्हणे. पण कानोबापुढे हा विषय काढू नये.

खानदान मोठं आहे आणि त्याची एक शाखा तुमच्या ओट्यावर नांदते आहे. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांत वीज उपजते, हे पिएर आणि झाक या क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवलं. गॅसच्या लायटरमध्ये तेच चालतं. खटका दाबला की आतल्या तुकड्यावर हातोडी बसते, ठिणगी उडते. कानोबाच्या आत अशाच जातीची सिरॅमिकची नळी असते, बहुधा शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या संयुगाची. तिला हातोडी लागत नाही. दोन हातांवरून गेलेल्या माशाने पाण्याला दिलेला धक्का तिला पुरतो. एकाच घराण्यातला एक चुलीपाशी राहिला आणि दुसरा दर्यावर्दी झाला.

स्फटिकाच्याही आधीचे पूर्वज आहेत. १८२६ साली जिनिव्हाच्या सरोवरात कोलादों आणि स्तुर्म या दोघांनी एक प्रयोग केला. एका होडीखाली पाण्यात घंटा टांगली. ती वाजवली की त्याच क्षणी वर दारूचा भडका उडे. तेरा किलोमीटरहून लांब दुसऱ्या होडीत कोलादों एक लांबलचक कर्णा पाण्यात बुडवून, त्याचं वरचं टोक कानाला लावून, रात्रीच्या अंधारात बसलेला. भडका दिसला की घड्याळ चालू, घंटा ऐकू आली की बंद. उत्तर आलं सेकंदाला १४३५ मीटर. हवेतल्या चौपटीहून जास्त, आणि आजच्या मापाला जवळजवळ चिकटणारं. कानोबाला हा आजोबा फार प्रिय असावा. त्याच्या प्रयोगात अंधार होता, धीर होता आणि कुणी भाषण केलं नव्हतं.

तरुणपण मात्र सगळं छावणीत गेलं. १९१२ साली टायटॅनिक बुडाली तेव्हा हिमनग आधी ऐकता येतील का या विचाराने लोक कामाला लागले. दोन वर्षांत महायुद्ध पेटलं आणि हिमनगांची जागा पाणबुड्यांनी घेतली. पुढे शीतयुद्धात अमेरिकेच्या आरमाराने समुद्राच्या तळाशी कानोबांच्या रांगाच्या रांगा टाकल्या. रशियन पाणबुडी कुठून कुठे निघाली हे किनाऱ्यावरच्या बंद खोल्यांतली माणसं कागदावर उमटणाऱ्या रेघांत वाचत बसायची. हा कारभार १९५०च्या दशकात सुरू झाला आणि १९९१ पर्यंत गुपित राहिला. इतकी वर्षं तोंड मिटून काढल्याचा परिणाम स्वभावावर होतोच. अजूनही ह्याला विचारलं, ‘हा आवाज कुठून आला?’ तर उत्तर मिळत नाही.

हे मी उगाच म्हणत नाही. एकट्या कानोबाला दिशा कळत नाही. काय ऐकलं ते तंतोतंत सांगेल, कुणीकडून ऐकलं ते विचारू नका. दिशा हवी तर त्याची तीन-चार भावंडं अंतरा-अंतरावर बसवून कुणाच्या कानी आधी पडलं याचा हिशेब मांडावा लागतो. आपण त्याला हसायचं कारण नाही. पाण्यात बुडी मारल्यावर आपलीही तीच गत होते. आवाज इतका वेगाने येतो की डाव्या आणि उजव्या कानातलं अंतर त्याच्या खिजगणतीत नसतं, आणि बोटीचं इंजिन थेट आपल्या कवटीतच सुरू झाल्यासारखं वाटतं.

स्वभावाचा दुसरा गुण म्हणजे कान हलका. आपल्याकडे हलक्या कानाचा माणूस म्हणजे कुणीही काहीही सांगावं आणि ह्याने खरं मानावं. कानोबा अगदी तसा. त्याला मोठं-छोटं, सोवळं-ओवळं नाही. देवमासा ऐकायला सोडावा तर तो आधी होडीवर कुणीतरी टाकलेल्या चपलेचा आवाज आणून देतो, मग बादलीचा, मग नांगराच्या साखळीचा. आणि सगळ्यांत जास्त ऐकतो तो स्वतःची शेपटी. प्रवाह जोराचा असला की ताणलेली वायर थरथरते, तानपुऱ्यासारखी घुमायला लागते, आणि हा ती घूं-घूं इतक्या भक्तिभावाने पाठवतो की नवखा माणूस ‘खोल समुद्राचा षड्ज’ म्हणून जपून ठेवतो. अशी ध्वनिफीत मी ऐकलेली आहे. श्रोते डोळे मिटून बसले होते.

आता त्याला कामावर पाहू. मालवणच्या बाजूला एका खाडीच्या धक्क्यावर भरती लागल्यावर वायर खाली सोडली. हेडफोन लावला आणि कानात एकदम कढईच उपडी झाली: तड तड, चर्र, तड. खालपासून वरपर्यंत नुसती फोडणी. शेजारी जाळं शिवत बसलेले एक आजोबा मघापासून संशयाने पाहत होते. त्यांना म्हटलं, “आजोबा, ऐकून बघा.” त्यांनी सुई टोपीला खोचली, हेडफोन एकाच कानाला धरला, भुवया वर नेल्या आणि म्हणाले, “ह्यां काय? खाली कोण मासे तळता?”

तळणारी कोळंबीची एक जात असते. बोटाच्या पेरा-दोन पेरांएवढी, तिची एक नांगी अंगाच्या मानाने भलतीच मोठी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन आरमाराच्या कानोबांनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर हीच फोडणी ऐकली. शत्रूने काही नवं यंत्र आणलं की काय म्हणून धावाधाव झाली, आणि मार्टिन जॉन्सन या प्राणिशास्त्रज्ञाने पाण्यातून काढून दाखवली ती ही. लोकांना वाटत होतं, नांगीची दोन पाती एकमेकांवर आपटतात म्हणून आवाज होतो. २००० साली डेटलेफ लोहझे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने पाहिलं तेव्हा कळलं की पाती मिटताना पाण्याची पिचकारी इतक्या जोराने सुटते की मागे एक बुडबुडा तयार होतो. आवाज होतो तो बुडबुडा कोसळण्याचा. पुढच्याच वर्षी असंही दिसलं की कोसळताना त्यात क्षणभर प्रकाश चमकतो आणि आतलं तापमान ५,००० केल्विनच्या घरात जातं. आजोबांचा अंदाज तसा फार चुकला नव्हता.

कोळ्यांना हे जग अगदीच अनोळखी नसतं. घोळ आणि ढोमा ही मंडळी ज्या कुळातली, ते कूळच वाजंत्र्यांचं. पोटातल्या हवेच्या पिशवीवर खास स्नायू थरथरवून ते घुमतात. ह्या पिशवीला आपल्याकडे भोत म्हणतात, आणि मोठ्या घोळीच्या भोतासाठी व्यापारी जी किंमत मोजतात ती ऐकून डोळे पांढरे होतात. म्हणजे बाजारात विकला जातो तो माशाचा ढोल. कानोबाला हा ढोल जागच्या जागी, चामडं सोलायच्या आधी, फुकट ऐकायला मिळतो. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या लोकांनी झुआरीच्या पाण्यात आणि ग्रँड आयलंडजवळ ह्याला मुक्कामाला ठेवून माशांची समूहगानं टिपली आहेत. एकाने सूर लावला की दुसरा, मग सगळी आळी. आरतीला उशीर झालेल्या माणसाने शेवटच्या कडव्याला जास्त मोठ्याने गावं तसे काही मासे त्यात असणारच.

गोव्याच्याच किनाऱ्याजवळ ह्याने हम्पबॅक देवमाशांची गाणीही ऐकली आहेत. बाकीचे हम्पबॅक दर वर्षी थंड पाण्याकडे जाऊन परत येतात, वारकऱ्यांसारखे नेमाने. अरबी समुद्रातले हे मात्र घर सोडत नाहीत. थोडेच उरले आहेत. १९६६ साली सोव्हिएत शिकारी जहाजांनी दोनशेहून जास्त मारले, आणि ती नोंद कित्येक वर्षं कागदाखाली दबून राहिली.

देवमाशांवरून कानोबाचा जुना सल निघतो. त्याला वाटतं, श्रेय आपलं आणि हार त्यांच्या गळ्यात. थोडं खरंही आहे. बर्म्युडाला फ्रँक वॉटलिंग्टन नावाचा एक अभियंता आरमारासाठी पाण्याखालचे आवाज टिपायचं काम करत होता. पाणबुड्यांच्या जोडीला त्याच्या टेपवर काहीतरी विचित्र रडगाणं येऊ लागलं, तेव्हा त्याने ते कुणाला सांगितलं नाही. देवमासे कुठे आहेत हे शिकाऱ्यांना कळेल ही भीती. शेवटी त्याने त्या टेप रॉजर आणि केटी पेन या दांपत्याला दिल्या. त्यांच्या लक्षात आलं की हे रडगाणं नसून गाणं आहे: ठरलेली पदं, ठरलेला क्रम, पुन्हा पहिल्यापासून. १९७० साली ‘साँग्ज ऑफ द हम्पबॅक व्हेल’ ही तबकडी निघाली. १९७९ साली नॅशनल जिओग्राफिकने अंकासोबत एक पातळ प्लॅस्टिकची तबकडी वाटली, तिच्या एक कोटी पाच लाख प्रती. मधल्या काळात, १९७७ साली, व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत तेच देवमासे बसून सूर्यमालेबाहेर निघाले. कानोबाचं नाव कव्हरावर नाही.

संगीतकारही मागे पडले नाहीत. ॲलन होव्हानेस यांनी १९७० साली देवमाशांच्या ध्वनिमुद्रणाभोवती अख्खा वाद्यवृंद उभा केला. पुढच्या वर्षी जॉर्ज क्रम यांनी ‘व्हॉक्स बालेनाय’ लिहिलं: बासरी, चेलो आणि पियानो, तिन्ही विजेने मोठे केलेले, वादकांच्या चेहऱ्यावर काळे अर्धे मुखवटे, मंचावर गडद निळा उजेड. बासरीवाली त्यात फुंकता फुंकता गाते. क्रम यांनी देवमासा वापरला नाही, त्याची ओढ तेवढी घेतली. मला त्या दोघांत क्रम जवळचे वाटतात. कानोबाला विचाराल तर तो बहुधा मुखवट्यांच्या दोऱ्यांचा आवाज सांगेल.

एक नाव त्याच्यासमोर अजिबात काढू नये: कूस्तो. समुद्र घराघरांत पोचवणारा हा थोर माणूस, आणि १९५६ साली कान महोत्सवात पहिलं पारितोषिक मिळवणाऱ्या त्याच्या चित्रपटाचं नाव काय, तर ‘द सायलेंट वर्ल्ड’. मूक जग! शेजाऱ्याने आपल्या भजनी मंडळाला ‘शांत मंडळी’ म्हणावं तसं झालं हे.

सोबत कुणाची आहे त्यावर माणूस कळतो. नॉर्वेची याना विंडेरेन ही कानोबाची सगळ्यांत चांगली मैत्रीण. ती कलेकडे वळण्याआधी गणित, रसायन आणि मत्स्यपरिसर शिकलेली आहे, त्यामुळे ती ह्याला उगाच गोंजारत नाही, नेऊन पाण्यात सोडते आणि वाट पाहते. ग्रीनलंडच्या हिमनद्यांच्या भेगा, नॉर्वेचे फिओर्ड, बॅरेन्ट्स समुद्र. अशा ठिकाणी तासन्‌तास थंडीत बसून मिळवलेल्या ध्वनींची ‘एनर्जी फील्ड’ ही रचना तिने २०१० साली काढली. पुढच्या वर्षी तिला लिंट्झच्या आर्स इलेक्ट्रॉनिका महोत्सवातलं ‘गोल्डन निका’ मिळालं. त्याआधीची तिची एक कॅसेट खेकडे-कोळंब्यांच्या कुळावर आहे. नाव ‘द नॉइझिएस्ट गाइज ऑन द प्लॅनेट’, म्हणजे पृथ्वीवरचे सगळ्यांत गोंगाटी बाप्ये. मालवणच्या आजोबांना ती नक्की आवडली असती.

तिच्या रचना ऐकताना कळतं की कानोबा निवड करत नाही. निवड वायरीच्या दुसऱ्या टोकाला होते. काय ठेवायचं, कशावर काय रचायचं, कुठला बर्फाचा कडाका कुठल्या माशाच्या हुंकाराशेजारी बसवायचा हे ती ठरवते. सुरुवातीला नुसता पाण्याचा दाब वाटतो, मग हळूहळू लक्षात येतं की त्या काळोखात कुणीतरी खातं आहे, कुणीतरी सरकतं आहे, आणि आपण खोलीच्या मधोमध बसून चोरून ऐकतो आहोत.

बाकी ‘खोल समुद्र’ म्हणून बाजारात जे मिळतं त्याबद्दल जरा स्पष्ट बोलायला हवं. तासभराचं एक लांबट ‘ऊऽऽऽ’, त्यावर मंदिराच्या गाभाऱ्यासारखी घुमवणी, अधूनमधून एक ‘टुप्प’, आणि कव्हरावर डोक्याशी दिवा लटकवलेला दातरा मासा. ह्यात कानोबा पाण्याला शिवलेलाही नसतो. सगळं टेबलाशी बसून सिंथेसायझरवर. झोप लागायला ते चांगलं आहे, माझी तक्रार नाही. तक्रार त्या माशाची असावी.

तरीही कानोबाला न बोलावता खोल समुद्र उभा करणारे खरे लोकही होऊन गेले. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात जेम्स स्टिन्सन आणि जेराल्ड डोनाल्ड या दोघा कृष्णवर्णीय तरुणांनी १९९०च्या दशकात ‘ड्रेक्सिया’ या नावाने टेक्नो संगीत केलं. त्यांच्या कल्पनेतलं समुद्राखालचं राष्ट्र कुणाचं? गुलामांच्या जहाजांवरून ज्या गरोदर आफ्रिकन बायकांना पाण्यात फेकून दिलं, त्यांच्या पोटी पाण्यातच जन्मलेल्या आणि पाण्यातच श्वास घ्यायला शिकलेल्या मुलांचं. ते ऐकायला हेडफोन लागतो, हायड्रोफोन लागत नाही.

आणि खरे खोल समुद्रातले प्राणी? त्यांचा किस्सा गमतीचा आहे. एन. बी. मार्शल या ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात हजार-दोन हजार मीटर खालचे मासे चिरून पाहिले. लांब शेपटीचे ग्रेनेडियर, सर्पाकृती कस्क-ईल यांच्यात त्याला तोच घोळीचा ढोल सापडला: हवेची पिशवी आणि तिला वाजवणारे स्नायू. कितीतरी जातींत तर ते फक्त नरांना. म्हणजे त्या मिट्ट काळोखात कुणीतरी कुणालातरी बोलावत असणार. ढोल हाती लागला, वादन मात्र अजून फारसं कुणी ऐकलेलं नाही. कानोबा खाली जातो, तिथे अनोळखी घुमे ऐकूनही येतो, पण घुमणाऱ्याचा चेहरा कुणी आणायचा? त्याला डोळे नाहीत, आणि दिवा नेला तर तो मासा पळतो.

अर्धवट ऐकलेल्या गोष्टीचं काय होतं हे आपल्याला गावगप्पांवरून ठाऊक आहे. १९९७ च्या उन्हाळ्यात प्रशांत महासागरात अमेरिकेच्या कानोबांनी एक प्रचंड आवाज टिपला. हजारो किलोमीटर अंतरावरच्या भावंडांनीही तो ऐकला. शास्त्रज्ञांनी त्याला ‘ब्लूप’ म्हटलं. मूळ आवाज इतका खालचा की सोळा पट वेगाने वाजवल्यावर तो ‘ब्लूप’ होतो. आणि तेवढ्यावर जगभर कुजबुज सुटली: देवमाशापेक्षा मोठा कुणीतरी आहे खाली! लव्हक्राफ्टच्या गोष्टीतला झोपलेला राक्षस त्याच बाजूच्या समुद्रात, हाही योगायोग लोकांनी शोधून काढला. पुढे अंटार्क्टिकाजवळ ऐकलेल्या आवाजांशी ताडून पाहिल्यावर कळलं, बर्फ तडकलं होतं. कानोबा पहिल्या दिवसापासून तेच सांगत होता. सोळा पट घाई त्याची नव्हती.

तरीही ह्या घाईला पूर्ण दोष देता येत नाही. निळ्या देवमाशाची हाक आपल्या ऐकण्याच्या तळाशी, वीस हर्ट्झच्या आसपास असते; साध्या स्पीकरमधून ती ऐकू येत नाही, फार तर टेबलावरचा कप थरथरतो. ऐकायची तर वेग वाढवावाच लागतो. मग देवमाशाचा पक्षी होतो. कलावंत इथे हळूच हात मारून घेतात आणि शास्त्रज्ञ तळटीप देतात.

मोठेपणाचा प्रसंग सांगायचा राहिलाच. २०१५ च्या जुलैत अमेरिकन शास्त्रज्ञांनी टायटॅनियमचं चिलखत चढवून ह्याच्या एका भाईबंदाला मारियाना गर्तेत, चॅलेंजर डीपच्या तळाशी, जवळजवळ अकरा किलोमीटर खाली सोडलं. तिथला दाब आपल्या डोक्यावरच्या हवेच्या हजार पटीहून जास्त. बाहेरचं सिरॅमिकचं आवरण तडकू नये म्हणून नव्या नवरीला उंबऱ्याशी आणावं तसं सावकाश, तासन्‌तास खाली नेलं. सगळ्यांची अटकळ अशी की जगातली सगळ्यांत शांत जागा हीच. तेवीस दिवसांत ह्याची वही भरली आणि लिहिणं थांबलं. वर काढला नोव्हेंबरात. वहीत काय? जवळचे भूकंप, लांबचे भूकंप, देवमाशांचे सुस्कारे, वरून गेलेलं एक चौथ्या दर्जाचं चक्रीवादळ, आणि अकरा किलोमीटर वर चाललेल्या मालवाहू जहाजांचे पंखे. इतक्या खाली जाऊनही वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचा त्रास चुकला नाही.

जहाजांबद्दल तो नुसता कुरकुरत नाही, पुरावा देतो. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर काही दिवस कॅनडाच्या फंडी उपसागरात जहाजं जवळजवळ थांबली. कानोबाने नोंदवलं, गोंगाट सहा डेसिबलने उतरला. त्याच दिवसांत दुसरे काही शास्त्रज्ञ तिथल्या राइट देवमाशांची विष्ठा गोळा करत होते, कारण विष्ठेवरून ताण मोजता येतो. दोन्ही वह्या पुढे एकमेकींशेजारी ठेवल्या तेव्हा दिसलं की आवाज उतरला तसा देवमाशांचा ताणही उतरला होता.

घरात त्याचे नखरे फार नाहीत. फक्त खारं पाणी अंगावर वाळू द्यायचं नाही. पिनेवर मीठ चढलं की आधी खरखरतो, मग रुसतो, मग गप्पच होतो. त्यामुळे खाडीवरून आल्यावर बादलीत गोडं पाणी घेऊन त्याला आंघोळ घालावी लागते. एका संध्याकाळी वायर काढायची राहून गेली होती आणि हेडफोन गळ्यात तसाच. नळाचा एक थेंब बादलीत पडला आणि कानाशी घंटा वाजली. जमिनीतून सोसायटीच्या पंपाची धडधड येत होती, कुणीतरी जिन्यात सायकल आपटली तीही बादलीत पोचली. शेजारचा मुलगा डोकावला. त्याला ऐकायला दिलं. त्याने दोन मिनिटं ऐकलं, घरी पळाला, आणि आजीच्या कपाटातली इनोची पुडी घेऊन आला.

पुडी फोडून त्याने बादलीत टाकली. कानोबा आता अख्खं वादळ ऐकत होता, आणि दारात आजी विचारत होती की पोटात कुणाच्या दुखतंय.